त्रसरेणु आणि प्लास्टिकची धूळ

दुपारच्या वेळीं अंधाऱ्या माजघरांत कौलांच्या फटींतून उन्हाची तिरीप उतरते आणि तिच्यांत असंख्य कण खालींवर तरंगतांना दिसूं लागतात. हें दृश्य ज्यानें पाहिलें नाहीं असा मनुष्य विरळा. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं या कणाला ‘त्रसरेणु’ असें नांव दिलें. मनुस्मृतींतील वजनमापांचें कोष्टकच मुळीं त्याच्यापासून सुरू होतें. डोळ्यांना दिसणारें लहानांत लहान माप तें हेंच. परंतु हा कण कशाचा बनलेला असतो, हा प्रश्न त्या काळीं पडण्याचें कारण नव्हतें. माती, राख, पीठ, कापूस, लोंकर, फुलांतील पराग आणि माणसाच्याच कातडीचा कोंडा, याहून निराळें त्यांत काय असणार?

गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत मात्र त्या तिरिपेंतील मंडळींत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. हा पाहुणा शेतांत उगवलेला नाहीं किंवा मेंढराच्या अंगावर वाढलेला नाहीं. त्याचा जन्म रसायनशाळेंतला. त्याचें नांव प्लास्टिक. नायलॉनच्या पडद्याचा तंतु, पॉलिएस्टरच्या सदऱ्याचा धागा, गालिच्याचा भुगा, मोटारीच्या टायरचा कीस, अशा नाना रूपांनीं तो हवेंत तरंगतो आणि श्वासाबरोबर मनुष्याच्या शरीरांत शिरतो. तेथें जाऊन तो काय करतो, या प्रश्नाचें पुरें उत्तर शास्त्राला अद्याप मिळालेलें नाहीं. परंतु तें उत्तर शोधण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. धुळीविषयींचा एक जुना धडा मनुष्यजात कशी वारंवार विसरली व वारंवार गिरवीत बसली, तें त्यांत स्पष्ट दिसतें.

धूळ श्वासाबरोबर आंत जाते, हें सर्वांना पूर्वींपासूनच ठाऊक होतें. पण ती आंतच राहते, हें जॉन टिंडल या शास्त्रज्ञानें लोकांच्या डोळ्यांसमोर दाखविलें. इ. स. १८७० मध्यें लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्याचें धूळ व रोग या विषयावर व्याख्यान झालें. अंधाऱ्या जागीं त्यानें प्रखर प्रकाशाचा झोत सोडला, तेव्हां त्यांत धूळ चमकूं लागली. मग एका नळींतून त्यानें त्या झोतांत सावकाश श्वास सोडला. आरंभीं धूळ तशीच चमकत राहिली. परंतु श्वास संपत आला, म्हणजे फुप्फुसाच्या अगदीं तळची हवा बाहेर पडूं लागली, तेव्हां झोतांत काळा डाग पडला. काळा डाग म्हणजे धूळ नसलेली हवा. आंत गेलेल्या हवेंतील धूळ फुप्फुसानें गाळून स्वतःपाशीं ठेवून घेतली होती. गाळणें हवा शुद्ध करतें खरें, पण गाळ गाळण्यांतच राहतो, हें त्या प्रयोगाचें तात्पर्य.

या गाळाचे परिणाम प्रथम कोणाला भोगावे लागतात? जो सर्वांत अधिक धूळ घेतो त्याला, म्हणजे कारागिराला. ही गोष्ट बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानें इ. स. १७०० मध्यें कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून जगापुढें मांडली. रोग्याला वैद्यानें नेहमींचे प्रश्न विचारावेत, पण ‘तुझा धंदा काय?’ हा प्रश्नही विसरूं नये, असा त्याचा उपदेश होता. अळशी व ताग यांचा वाख पिंजणाऱ्यांना खोकला व दमा कां लागतो, हें त्यानें त्यांच्या कामाच्या जागीं जाऊन पाहिलें होतें. पुढें यंत्रयुग आलें. लँकेशायरमध्यें गिरण्या उभ्या राहिल्या; मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ मध्यें पहिल्या सुताच्या गिरणीची कंपनी स्थापन केली. या गिरण्यांतील कापूस पिंजण्याच्या खात्यांत जे कामगार राबले, त्यांच्यापैकीं अनेकांना एक विचित्र व्याधि जडे. आठवड्याची सुटी संपवून सोमवारीं कामावर गेलें कीं छाती आवळल्यासारखी होई. पुढच्या दिवसांत तें कमी होई. वर्षें लोटल्यावर मात्र सोमवारची ही आवळण रोजची होऊन बसे. रिचर्ड शिलिंग या इंग्रज डॉक्टरांनीं १९५० नंतरच्या दशकांत लँकेशायरमधील कामगारांना तपासून या व्याधीच्या पायऱ्या ठरविल्या. पुढें मुंबईच्या गिरणगांवांतही डॉक्टरांनीं ती नोंदली. कापसासारखी निरुपद्रवी वस्तु, जिचीं वस्त्रें आपण तान्ह्या मुलाच्या अंगावर घालतों, तीही धूळरूपानें फुप्फुसाला बाधते, हा त्यांतील धडा.

याहून फार कठोर धडा ॲस्बेस्टॉसनें शिकविला. हें खनिज आगीला दाद देत नाहीं, म्हणून त्याचे तंतु विणून व सिमेंटांत मिसळून नाना वस्तु बनविण्यांत आल्या. त्याचे पत्रे आपल्याकडे गांवोगांव परिचित आहेत. इंग्लंडमध्यें लूसी डीन या सरकारी निरीक्षक बाईंनीं १८९८ सालच्या अहवालांत ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल इशारा दिला होता. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून तिचे कण कांचेच्या तुकड्यांसारखे तीक्ष्ण दिसतात, अशी नोंद त्यांत आहे. दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या एका रुग्णालयांत डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे तेहतीस वर्षांचा एक कामगार आला. ज्या खोलींत तो काम करी, तेथें त्याच्याबरोबर लागलेल्या दहा जणांपैकीं जिवंत उरलेला तो एकटाच होता. तोही लवकरच वारला. मरे यांनीं १९०६ मध्यें सरकारी समितीपुढें ही हकीगत सांगितली. परंतु धूळ आटोक्यांत आणण्याची आतां खटपट होत आहे, तेव्हां असे रोगी पुढें फारसे दिसणार नाहींत, अशी आशाही त्यांनीं व्यक्त केली. समितीनें हा रोग भरपाईस पात्र ठरविला नाहीं.

चोवीस वर्षें गेलीं. १९३० मध्यें मेरवेदर व प्राइस या अधिकाऱ्यांचा अहवाल आला. ३६३ कामगारांना तपासलें असतां त्यांतील ९५ जणांच्या फुप्फुसांना हा रोग जडलेला आढळला, चारांमागें एक. मग १९३१ मध्यें नियम झाले. १९६० मध्यें दक्षिण आफ्रिकेंत वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, छातीच्या अस्तराचा एक दुर्मिळ कर्करोग या तंतूंशीं निगडित आहे, आणि रोग्यांत केवळ खाणींतील मजूरच नव्हते, तर खाणींच्या परिसरांत लहानपण घालविलेलीं माणसेंही होतीं. संपूर्ण बंदी इंग्लंडमध्यें आली ती १९९९ सालीं. पहिला इशारा १८९८ चा आणि शेवटचा निर्णय १९९९ चा. मध्यें एकशें एक वर्षें. या कालावधींत पुराव्याची वाट पाहतांना किती माणसें मेलीं, याचा हिशोब कोणत्याही एका अहवालांत मावणारा नाहीं.

याच शतकांत प्लास्टिकचा उदय झाला. लिओ बेकेलंड यानें १९०७ मध्यें बेकलाइट बनविलें. इंग्लंडमध्यें १९३३ सालीं पॉलिएथिलिन सांपडलें. अमेरिकेंत वॉलेस करोथर्स यानें १९३५ मध्यें नायलॉन सिद्ध केलें आणि १९४१ मध्यें इंग्लंडमध्येंच पॉलिएस्टरच्या धाग्याचा शोध लागला. जगाचें प्लास्टिकचें वार्षिक उत्पादन १९५० मध्यें सुमारें वीस लक्ष टन होतें. २०१५ मध्यें तें अडतीस कोटि टनांवर गेलें. कापूस, लोंकर, लांकूड, चामडें, कांच, पत्रा यांच्या जागा या द्रव्यानें एकामागून एक घेतल्या. तें कुजत नाहीं, गंजत नाहीं, कसर त्याला खात नाहीं, हा त्याचा गुण. परंतु तें झिजतें. आणि झिजून जो कण सुटतो तोही कुजत नाहीं, ही त्याच गुणाची दुसरी बाजू. तिच्याकडे पुष्कळ वर्षें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

कोणाचेंच गेलें नाहीं असें मात्र म्हणतां येत नाहीं. रामाझिनीच्या उपदेशाप्रमाणें रोग्याचा धंदा विचारणारे डॉक्टर अजून होते. हंगेरींतील डॉक्टरांनीं १९७० मध्यें पी. व्ही. सी. या प्लास्टिकची भुकटी श्वासावाटे गेल्यामुळें झालेला फुप्फुसाचा विकार वर्णन केला. १९७५ मध्यें पोर्तुगालच्या पिमेंटेल, आव्हिला व लोरेंसो यांनीं सात रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. हे सातही जण कृत्रिम धाग्यांच्या धुळींत वावरणारे होते व सातांनाही श्वसनाचे निरनिराळे विकार होते. कृत्रिम धाग्यांमुळें होणारा हा एक नवा व्यवसायजन्य रोग आहे, असें त्यांनीं निबंधाच्या मथळ्यांतच म्हटलें. निबंध एका नामांकित ब्रिटिश मासिकांत छापला गेला. सात रोग्यांवरून सिद्धांत होत नाहीं, हें खरें. परंतु त्यानंतर आठवा, नववा, दहावा रोगी शोधण्याचीही निकड वीस वर्षें फारशी कोणाला वाटली नाहीं.

मग १९९४ साल उजाडलें. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानांत डॉ. डेव्हिड केर्न हे व्यवसायजन्य रोगांचे तज्ज्ञ एका रुग्णालयांत काम करीत होते व विद्यापीठांत शिकवीत होते. त्यांच्याकडे एक तरुण कामगार धाप लागते म्हणून आला. खुर्च्या-कोचांना लावण्याचें मखमलीसारखें लवदार कापड विणणाऱ्या कारखान्यांत तो कामाला होता. ही लव म्हणजे नायलॉनचे बारीक चिरलेले तुकडे; गोंद लावलेल्या कापडावर ते उभे रोवले जातात. केर्न यांनीं विद्यार्थ्यांसह कारखाना पाहिला, पण कारण हातीं लागलें नाहीं. १९९६ मध्यें त्याच कारखान्यांतील दुसरा तरुण त्याच विकारानें त्यांच्यापुढें आला. तेव्हां त्यांना संशय आला. त्याच कंपनीच्या कॅनडांतील कारखान्यांत पूर्वीं पांच कामगारांना अशीच बाधा झाली होती व तिचा दोष बुरशीच्या विषावर ठेवण्यांत आला होता, हेंही उघडकीस आलें.

केर्न यांनीं शोध चालविला, तसे रोगी वाढत गेले. ही माहिती सहव्यावसायिकांपुढें ताबडतोब मांडली पाहिजे, कारण अशा प्रकारचे कारखाने इतरत्रही आहेत, असें त्यांचें मत पडलें. कंपनीनें हरकत घेतली. कारखाना पाहण्यापूर्वीं धंद्याचीं गुपितें न फोडण्याच्या कागदावर सही झाली होती, तिचा आधार पुढें करण्यांत आला. रुग्णालयानें व विद्यापीठानेंही निबंध मागें घ्यावा, असा सल्ला दिला. केर्न यांनीं तो मानला नाहीं व १९९७ च्या मे महिन्यांत श्वसनरोगतज्ज्ञांच्या परिषदेंत आपलें टिपण सादर केलें. त्यानंतर लवकरच त्यांना कळविण्यांत आलें कीं, त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली जाणार नाहीं आणि त्यांचा विभाग बंद होईल. एका शिक्षकाची जागा गेली. पण वस्तुस्थिति दडपली गेली नाहीं. १९९८ मध्यें आठ रोग्यांचा सविस्तर निबंध एका प्रमुख वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध झाला आणि या रोगाला लव बनविणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसावरून नांव मिळालें. काम सोडल्यावर बहुतेक रोग्यांची प्रकृति सुधारली, ही त्यांतील महत्त्वाची नोंद होय.

येथें एक शंका उद्भवते. नायलॉनचा तो तुकडा तर चांगला जाड असतो. मग तो फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचला कसा? अमेरिकन सरकारच्या व्यवसायजन्य आरोग्यसंस्थेनें याचा उलगडा केला. फिरत्या पात्यांच्या यंत्रानें धागा चिरतांना त्याचें टोंक तापून चेपतें आणि त्याला बेडकाच्या पिलासारखी बारीक शेपटी फुटते. ही शेपटी तुटून हवेंत उडते, आणि ती इतकी सूक्ष्म असते कीं फुप्फुसाच्या तळापर्यंत सहज जाऊं शकते. उंदरांच्या फुप्फुसांत हे कण सोडले असतां तेथें दाह उत्पन्न झाला. तेव्हां पदार्थाचें नांव पुरेसें नसून कणाची जाडी, लांबी व आकार हींच निर्णायक असतात, हें पुन्हां एकदां सिद्ध झालें.

याचें कारण फुप्फुसाच्या रचनेंत आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. दहा मायक्रॉनांहून मोठा कण बहुधा नाकांत व घशांत अडकतो. त्याहून लहान कण श्वासनलिकांच्या भिंतींना चिकटतो व तेथील बारीक केसांच्या हालचालीनें कफाबरोबर वर ढकलला जातो. दोन-तीन मायक्रॉनांचा कण मात्र तळच्या वायुकोशांत उतरतो. तेथें कफही नाहीं व केसही नाहींत; तेथें असतात त्या भक्षक पेशी. परकी वस्तु गिळून टाकणाऱ्या या पेशींचें कार्य रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यानें सिसिली बेटांत मेसिना येथें ओळखलें. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगांत गुलाबाचा कांटा टोंचून त्याभोंवतीं गोळा होणाऱ्या पेशी त्यानें पाहिल्या. या पेशी गोल कण सहज गिळतात. तंतु मात्र पेशीच्या लांबीहून लांब असला, तर त्याचें एक टोंक तोंडांत व दुसरें बाहेर, अशी तिची अवस्था होते. ती गिळूंही शकत नाहीं व टाकूंही शकत नाहीं; त्या झटापटींत तिच्यांतून पाझरणारीं द्रव्यें भोंवतालचा भाग पोळतात. ॲस्बेस्टॉसच्या रोगाचें हें एक मुख्य कारण मानलें जातें. प्लास्टिकचे तंतु हीच वाट धरतात काय, हा आजच्या संशोधनाचा गाभा आहे.

ज्या वर्षीं केर्न यांचा निबंध छापून आला, त्याच वर्षीं न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो येथील कर्करोगसंस्थेंत जॉन पॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळाच प्रश्न विचारला. कारखान्यांतील कामगार सोडा. सामान्य माणसाच्या फुप्फुसांत काय आहे? त्यांनीं फुप्फुसांचे ११४ नमुने तपासले. कर्करोग नसलेल्या ८१ नमुन्यांपैकीं ६७ मध्यें व कर्करोग झालेल्या ३३ पैकीं ३२ मध्यें तंतु सांपडले. कांहीं वनस्पतिजन्य, कांहीं प्लास्टिकचे. यावरून तंतूंनीं कर्करोग होतो असें ठरत नाहीं, कारण रोगग्रस्त भागांत तंतु अधिक अडकून राहत असणेंही शक्य आहे. तरी ते तेथें आहेत, एवढें निर्विवाद झालें. या दोन निबंधांनंतर मोठी चळवळ व्हावयास हवी होती. ती झाली नाहीं.

शास्त्राचें लक्ष या विषयाकडे वळलें तें समुद्राच्या मार्गानें. इंग्लंडमधील प्लिमथ येथील रिचर्ड टॉम्सन व त्यांचे सहकारी यांनीं २००४ मध्यें किनाऱ्यावरील वाळूंत व समुद्राच्या पाण्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे दाखविले. १९६० नंतरच्या दशकांपासून जपून ठेवलेले पाण्याचे नमुने तपासतां ते तुकडे वाढत गेल्याचेंही दिसलें. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द तेव्हांपासून रूढ झाला. पुढें दहा वर्षें संशोधक मासे, शिंपले व पक्षी यांच्या पोटांत डोकावत राहिले. अखेर पॅरिसच्या परिसरांत राशिद द्रीस, जॉनी गास्पेरी व ब्रुनो तासँ यांनीं पाण्याऐवजीं आकाशाकडे पाहिलें. त्यांनीं छपरांवर भांडीं मांडून वरून पडणारी धूळ गोळा केली. २०१५ व २०१६ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं, तिच्यांत तंतूंचाच भरणा आहे आणि त्यांतील सुमारें २९ टक्के तंतूंत खनिज तेलापासून बनलेलें द्रव्य आहे. पॅरिस व त्याच्या उपनगरांवर दरवर्षीं ३ ते १० टन तंतु उतरत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला.

याहून आश्चर्याची गोष्ट २०१७ मध्यें बाहेर आली. घराबाहेरच्या एका घनमीटर हवेंत जेथें जेमतेम एक-दीड तंतु, तेथें घराच्या आंत १ पासून ६० पर्यंत तंतु आढळले, व त्यांतील तिसरा हिस्सा कृत्रिम होता. पडदे, गाद्या, गालिचे, अंगावरचे कपडे हेच त्यांचें उगमस्थान. डेन्मार्कमध्यें २०१९ मध्यें एक श्वास घेणारा पुतळा तयार करून तो तीन राहत्या घरांत बसविला. एका दिवसांत त्यानें २७२ पर्यंत प्लास्टिकचे कण आंत ओढले. मात्र त्यानें घेतलेल्या सर्व कणांत प्लास्टिकचें प्रमाण सरासरी शेंकडा चारच होतें. बाकीचा मोठा भाग माणसाच्या कातडीच्या कोंड्यासारख्या नैसर्गिक द्रव्यांचा होता. त्याच वर्षीं पिरेनीज पर्वतांतील एका निर्जन ठिकाणीं दररोज चौरस मीटरमागें सुमारें ३६५ कण पडत असल्याचें दिसलें. वाऱ्याबरोबर ते ९५ किलोमीटरपर्यंतचा प्रवास करून आले असावेत, असा हिशोब निघाला. तेव्हां यापासून दूर पळून जाण्यास जागा उरली नाहीं, हें ठरलें.

कण प्लास्टिकचाच आहे हें ओळखावें कसें? येथें एका भारतीयाच्या शोधानें उपकार केले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२८ मध्यें कलकत्त्यास दाखविलें कीं, पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा कांहीं अंश रंग बदलून येतो आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून असतो. याच तत्त्वावर बनविलेल्या सूक्ष्मदर्शकानें एक मायक्रॉन आकाराच्या कणाचीही जात सांगतां येते. अशा साधनांच्या बळावर ब्राझीलमधील साओ पावलो येथें २०२१ मध्यें शवपरीक्षेंत काढलेल्या २० फुप्फुसांपैकीं १३ मध्यें प्लास्टिक आढळलें. पुढच्या वर्षीं इंग्लंडमधील हल येथें शस्त्रक्रियेच्या वेळीं काढलेल्या जिवंत माणसांच्या फुप्फुसांच्या १३ नमुन्यांपैकीं ११ मध्यें तें सांपडलें, आणि तेंही फुप्फुसाच्या तळच्या भागांत, जेथें तें पोंचणार नाहीं अशी समजूत होती. नेदर्लंड्समध्यें त्याच वर्षीं २२ पैकीं १७ जणांच्या रक्तांत प्लास्टिक असल्याचें जाहीर झालें. २०२४ मध्यें इटलींतील संशोधकांनीं मानेच्या रक्तवाहिनींतून काढलेल्या मेदाच्या थरांची तपासणी केली. २५७ रोग्यांपैकीं १५० जणांच्या थरांत पॉलिएथिलिन होतें. आणि पुढील सुमारें तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यु यांचा धोका ज्यांच्या थरांत प्लास्टिक होतें त्यांत साडेचारपट आढळला. तेथें तें श्वासावाटे गेलें कीं अन्नावाटे, हें या तपासणीनें कळत नाहीं. आणि प्लास्टिक हेंच त्या धोक्याचें कारण, असेंही संशोधकांनीं म्हटलेलें नाहीं.

हे आंकडे ऐकून भयभीत होणें जसें योग्य नव्हे, तसें त्यांची टर उडविणेंही योग्य नव्हे. आक्षेप घेणारे शास्त्रज्ञ आहेत व त्यांचे आक्षेप वजनदार आहेत. प्रयोगशाळेंतील हवेंतही प्लास्टिक असतें. तपासनिसाच्या हातमोज्यांतून तें नमुन्यांत पडूं शकतें. ऊतक तापवून त्याच्या वाफेवरून प्लास्टिक ओळखण्याची जी एक रीत आहे, तिच्यांत शरीरांतील चरबीपासूनही पॉलिएथिलिनसारखेच अवशेष निघतात. मेंदूंतील प्लास्टिकविषयींच्या २०२५ सालच्या गाजलेल्या निबंधावर याच कारणानें टीका झाली. शिवाय नेहमींच्या कपड्यांतील धागा दहा-वीस मायक्रॉन जाड असतो, म्हणून तो अखंड स्वरूपांत वायुकोशांत जाणें कठीण. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें श्वास व अन्न या दोन्ही वाटांचा विचार करून असा अभिप्राय दिला कीं, धोक्याचें माप ठरविण्यास हातीं असलेली माहिती अपुरी आहे. दुसरीकडे नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन येथें बार्ब्रो मेल्गर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या श्वासनलिकांच्या इवल्या पिंडांवर नायलॉनचे तंतु सोडले, तेव्हां त्या पिंडांची वाढ खुंटली. नुसतें नायलॉनमधून पाझरलेलें द्रव्य घातलें तरी परिणाम तोच झाला. तयार झालेल्या पिंडांवर मात्र तसा परिणाम दिसला नाहीं. केर्न यांच्या रोग्यांचें नायलॉन पंचवीस-तीस वर्षांनंतर पुन्हां साक्षीला उभें राहिलें आहे.

तात्पर्य असें कीं, जेथें धूळ दाट असते, त्या कारखान्यांतील कामगारांना प्लास्टिकच्या कणांनीं रोग होतो, ही गोष्ट गेल्या शतकांतच सिद्ध झाली. जेथें धूळ विरळ, पण आयुष्यभराची असते, त्या घरांतील माणसांना किती बाधा होते, हें अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे. मात्रेचा हा भेद विसरतां कामा नये. मीठ चिमूटभर व मीठ मूठभर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंतु मिठाची चिमूट दुसऱ्या दिवशीं शरीरांतून निघून जाते. प्लास्टिकचा जो कण तळाशीं बसला तो कधीं निघतो, किंबहुना निघतो कीं नाहीं, हेंच मुळीं कोणास सांगतां येत नाहीं. आणि प्लास्टिकचें उत्पादन तर वर्षानुवर्षें वाढतच आहे.

मग तोंवर करावें काय? गृहस्थानें करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. बंद खोलींतील हवेंत तंतु अधिक असतात, म्हणून खिडक्या मोकळ्या ठेवाव्या. कोरड्या केरसुणीनें धूळ उडविण्यापेक्षां ओल्या फडक्यानें ती टिपून घ्यावी. शक्य तेथें सुती वस्त्र, सुती पडदा वापरावा. यांत खर्च नाहीं व नुकसानही नाहीं. परंतु खरें काम गृहस्थाच्या हातचें नाहीं. कृत्रिम धागा चिरणाऱ्या, विणणाऱ्या, पिंजणाऱ्या कारखान्यांत धूळ शोषून घेणारीं यंत्रें बसविणें, तेथील कामगारांचीं फुप्फुसें वेळोवेळीं तपासणें, आणि तपासणीचा निकाल कोणाच्याही गुपिताच्या कलमाखालीं न दडवितां प्रसिद्ध करणें, हें काम राज्यकर्त्यांचें व कारखानदारांचें आहे. ॲस्बेस्टॉसच्या बाबतींत तें एकशें एक वर्षें रेंगाळलें. प्लास्टिकच्या बाबतींत पोर्तुगालच्या सात रोग्यांना १९७५ पासून धरलें, तर अर्धें शतक उलटून गेलेंच आहे.

‘तुझा धंदा काय?’ हा रामाझिनीचा प्रश्न ज्या डॉक्टरांनीं विचारला, त्यांनाच या धुळीचा माग प्रथम लागला. पुढचा पुरावाही बहुधा तोच प्रश्न विचारणाऱ्यांना मिळेल. त्यांना कारखान्याचें दार उघडें मिळावें व त्यांच्या तोंडाला कुलूप नसावें, एवढी व्यवस्था झाली, तर या खेपेस पुऱ्या शंभर वर्षांची वाट पाहावी लागणार नाहीं.